गव्हर्नरसाहेबांची पुलाची पाहणी

मी एक जुना बिडाचा शिक्का आहे, मित्रांनो. शिक्का म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर शाईच्या गादीवर थापटायचा लाकडी ठोकळा येईल. मी तसला नव्हे. माझे वजन चांगल्या पोसलेल्या डुकराच्या पिलाएवढे आहे आणि माझ्या जबड्यात दोन पितळी साचे आहेत, एक वरचा आणि एक खालचा. त्यांच्यामध्ये कागद सरकवून वरचा लांब दांडा खाली ओढला की कागदावर शाईशिवायच चित्र उठते. एक नांगर, एक ओकचे झाड आणि डोंगरामागे अर्धा सूर्य. तो सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे, यावर आमच्या विधानभवनात साठ वर्षे वाद चालला. मला विचाराल तर ज्या कारागिराने तो कोरला त्याला काम जेवणाच्या आधी संपवायचे होते, एवढेच मला आठवते.

ज्या भट्टीत मी ओतला गेलो तिच्यात त्याच दिवशी अकरा शेगड्याही ओतल्या गेल्या. माझ्या त्या अकरा बहिणींनी लोकांना जेवू घातले. माझ्या वाट्याला कायदा आला.

मला राज्याच्या मुख्य चिटणिसांच्या दफ्तरात, खिडकीजवळच्या टेबलावर चार बोल्टांनी पक्के केले. आमच्याकडे नियमच असा होता, की माझा उठाव असल्याशिवाय गव्हर्नरची सही म्हणजे नुसती शाई. त्यामुळे सुरुवातीची वर्षे माझा भारी मान होता. नवा गव्हर्नर निवडून आला की आधी मला बघायला येई. एकाने माझ्या डोक्यावर थोपटून माझी स्तुती केली. दुसऱ्याने माझ्या जबड्यात अक्रोड फोडले. दोघेही लोकांना सारखेच आवडत होते.

एकोणीसशे चार साली माझा कारभार मिस व्हर्ना लिंडक्विस्ट यांच्याकडे आला. उंच, हाडकुळ्या बाई. बोलणे कमी आणि बूट नेहमी पॉलिश केलेले. दर सोमवारी त्या मला शिवणयंत्राचे तेल घालत. त्यांची कामाची एक रीत होती. समोर आलेला प्रत्येक कागद त्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओळीखाली बोट ठेवून वाचत आणि मगच दांड्याला हात घालत. शिक्का मारायला वाचायची काही गरज नव्हती. लोक ताटकळत आणि मागून चेष्टा करत. मिस व्हर्नांनी बायबलमधला नवा करार वाचायला घेतला तर येशूला आणखी एक आठवडा थांबावे लागेल, असे दफ्तरातले कारकून म्हणत. बाई ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि पुढची ओळ वाचत. प्रत्येक उठावाची तारीख आणि वेळ त्या एका वहीत लिहून ठेवत.

मग दारूबंदी आली आणि दारूबंदीच्या लाटेवर लायमन ग्रूम गव्हर्नर झाले.

ग्रूमसाहेब दिसायला देखणे होते. पांढरे केस, रुंद खांदे आणि चर्चमधल्या ऑर्गनसारखा आवाज. साऱ्या देशात दारूबंदी होती, पण त्यांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी आमच्या राज्यापुरता त्याहून कडक कायदा केला. तिसऱ्यांदा कोणाजवळ दारू सापडली, मग ती घोटभर का असेना, की दहा वर्षे सक्तमजुरी. तो कायदा मीच दाबला. चित्र छान उठले.

शपथविधीच्या दिवशी न्यायाधीशांची शपथ झाल्यावर त्यांच्या आईने, थोरल्या मिसेस ग्रूम यांनी, मुलाला घरच्या बायबलवर हात ठेवायला लावून दुसरी शपथ घ्यायला लावली. त्यांचा नवरा दारूपायी गेला होता. ग्रूमसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, या राज्यात मी थेंबही घेणार नाही." म्हातारीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि ती रडली. हे मी खोटे सांगत नाही, कारण तो कार्यक्रम आमच्याच मजल्यावर झाला.

आता गंमत अशी, की ग्रूमसाहेबांनी पुढल्या तीन वर्षांत पुष्कळ शब्द मोडले, पण हा एक मोडला नाही. आमच्या शहराला लागूनच मोठी नदी आहे आणि नदीच्या मध्यावर आमचे राज्य संपते. पलीकडच्या काठावर एक हॉटेल होते. दारूबंदी तिकडेही होती, पण तिथल्या शेरीफला, म्हणजे पोलिसांच्या प्रमुखाला, दिसायचे कमी. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता गव्हर्नरसाहेबांची काळी मोटार पूल ओलांडून जाई आणि संध्याकाळी परत येई. कोणी विचारले तर कचेरीतून उत्तर मिळे, "साहेब पुलाची पाहणी करायला गेलेत." एवढी पाहणी झालेला पूल जगात दुसरा नसेल.

बाकी कारभार त्यांचा मेहुणा डेल ॲक्ली बघत असे. गव्हर्नरच्या हातात कैद्यांना माफी द्यायचा अधिकार असतो. डेलने त्या अधिकाराचे दुकान मांडले. ज्याला हात ओले करता येत त्याचे माफीपत्र आठवड्यात निघे. मिस व्हर्ना ती पत्रे वाचत. 'तब्येत अत्यंत नाजूक' असे लिहिलेला कैदी दुसऱ्या दिवशी शहरात सिगार ओढताना दिसे. बाई ओठ आवळून दांडा ओढत. सही खरी असली की शिक्का नाकारायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि मला तर मुळीच नव्हता. मला बरे-वाईट वाटले का? त्या वेळी नाही वाटले. चांगला कागद आणि वाईट कागद, दोन्ही माझ्या जबड्यात सारखेच बसतात.

त्या वर्षीच्या एप्रिलपासून एक बाई दर शनिवारी आमच्या दफ्तराबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागली. तिचे नाव फ्रांका झुपान. दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींच्या गावात ही स्लोव्हेनियातून आलेली माणसे राहत. ती पहाटेच्या विजेच्या गाडीने यायची आणि येताना फडक्यात गुंडाळून अक्रोडाचा गोड पाव आणायची. तिचा नवरा याकोब खाणीत काम करणारा. घराच्या मागच्या कुंपणावर त्याने द्राक्षांचा वेल लावला होता. गावाकडे करत तशी तो दर वर्षी थोडी वाईन करी. दोनदा पकडला गेला, दंड भरून सुटला. चौथ्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात त्याने शेजाऱ्यांच्या टेबलावर एक सुरई ठेवली आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. बाप्तिस्म्याला वाईन ठेवली नाही तर मूल अपशकुनी होते, अशी त्यांच्यात समजूत. कायद्यात ही समजूत नव्हती.

तुरुंगात त्याला दगडाच्या खाणीवर घातले. कोळशाने आधीच पोखरलेली छाती दगडाच्या भुकटीने भरली. तुरुंगाच्या डॉक्टरने लिहून दिले, की हा माणूस हिवाळा काढणार नाही. तुरुंगाच्या अधीक्षकांनीही माफीची शिफारस केली. तो कागद एप्रिलपासून ग्रूमसाहेबांच्या टेबलावर पडून होता.

एकदा डेल बाकाजवळून जाताना थांबला.

"काय हो मिसेस झुपान, अजून पाचशे डॉलर जमले नाहीत?"

"माझ्याकडे चार पोरं आहेत आणि एक बकरी," फ्रांका म्हणाली. "बकरी घेता?"

"बकरीचं मी काय करू?"

"मग पोरांपैकी बघा एखादं."

डेल हसला आणि जिना उतरून गेला. फ्रांका हसली नाही. मिस व्हर्नांनी तिला कॉफीचा कप नेऊन दिला आणि त्या तिच्या शेजारी पाच मिनिटे बसल्या. ग्रूमसाहेबांच्या कारकिर्दीत कोणा अर्जदाराशेजारी बसलेल्या बाईंना मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आता ऑक्टोबरमधल्या त्या शनिवाराकडे येतो. अकराला काळी मोटार पुलाकडे गेली. दीडच्या सुमाराला उपगव्हर्नर ऑर्व्हिल पेटिग्रू आमच्या दफ्तरात आले. उपगव्हर्नर हे पद आमच्याकडे जवळजवळ शोभेचेच. पेटिग्रू मूळचे पशुखाद्याचे दुकानदार, गोल चेहऱ्याचे, भिडस्त. जत्रेत फिती कापायच्या, उत्तम डुक्कर निवडायचे, हे त्यांचे काम. त्या दिवशीही ते 'बटाटा सप्ताहा'च्या जाहीरनाम्यावर शिक्का घ्यायला आले होते. मिस व्हर्नांनी जाहीरनामा पूर्ण वाचला, दाबला, आणि परत द्यायच्या ऐवजी हातातच धरून ठेवला.

"मिस्टर पेटिग्रू, एक विचारू का? राज्याचे गव्हर्नर राज्याबाहेर असले तर त्या वेळी गव्हर्नर कोण असतो?"

"मी असतो," पेटिग्रू म्हणाले. "म्हणजे घटनेत तसं आहे. पण ते पत्र देऊन जातात तेव्हा."

"घटनेत पत्राचं काहीच नाही. मी सकाळी वाचून आले. नुसतं 'राज्याबाहेर असताना' एवढंच आहे."

पेटिग्रूंनी खिडकीतून नदीकडे पाहिले. पूल तिथून स्पष्ट दिसत असे.

"साहेब पुलाची पाहणी करायला गेलेत," ते हळूच म्हणाले.

"पुलाच्या कुठल्या टोकाची?"

बाई उठल्या, गव्हर्नरांच्या कचेरीत गेल्या आणि टेबलावरच्या ढिगातून झुपानचा कागद घेऊन आल्या. त्यांनी तो पेटिग्रूंसमोर ठेवला आणि दार उघडून फ्रांकाला आत बोलावले.

पेटिग्रूंची पाचावर धारण बसली. "मिस व्हर्ना, हे बरं नाही. लायमन मला पुढच्या निवडणुकीत तिकीट देणार नाही. शिवाय मी स्वतः दारूबंदीवाला आहे. मनापासून. मी आयुष्यात चव घेतलेली नाही."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

पेटिग्रू फ्रांकाकडे वळले. "तुमच्या नवऱ्यानं कायदा मोडला, बाई. एकदा नाही, तीनदा."

"मोडला," फ्रांका म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. त्याला सांगितलं होतं मी, याकोब, यंदा नको. तो म्हणाला, पोर जन्माला आलंय आणि पाहुण्यांना काय पाणी पाजू? त्यासाठी दोन वर्षं झाली तो दगड फोडतोय. मला तो सुटायला नको आहे साहेब, मला तो घरी मरायला हवाय. तिथं मेला तर तुरुंगामागं पुरतात. नुसता नंबर लावतात."

मित्रांनो, मी बिडाचा आहे, मला फारसे काही हलवत नाही. तरी सांगतो, तो नुसता नंबर माझ्या लक्षात राहिला. पेटिग्रूंनी डॉक्टरचे पत्र वाचले. मग अधीक्षकांची शिफारस वाचली. त्यांनाही वाचायला वेळ लागत होता, हे मला आवडले.

"पेन द्या," ते म्हणाले. सही करताना 'पेटिग्रू'मधले एक अक्षर दोनदा आले. मिस व्हर्नांनी कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि दांडा ओढला. वहीत लिहिले: शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. लगेच त्यांनी अधीक्षकांना फोन केला. अधीक्षक त्या फोनची एप्रिलपासून वाट बघत होते. पाच वाजता याकोब झुपान तुरुंगाच्या दाराबाहेर होता.

तिकडे त्याच दुपारी नदीपलीकडच्या हॉटेलात ग्रूमसाहेबांनीही एका माफीपत्रावर सही केली. ते होते हॉब रीडल नावाच्या माणसाचे. हा चोरट्या दारूचे ट्रकच्या ट्रक पळवणारा, एका पोलिसाचा पाय मोडून आत गेलेला. सोमवारी सकाळी डेल तो कागद घेऊन आला. बाईंनी वाचला.

"सही शनिवारची आहे," त्या म्हणाल्या. "साहेबांनी कुठं केली?"

"टेबलावर."

"कुठल्या?"

"लाकडाच्या, मिस व्हर्ना. दाबा आता."

बाईंनी दाबला. एकाच शनिवारच्या दोन सह्या, दोन माफीपत्रे, दोन्हींवर मी. एकीपेक्षा दुसरीवर माझा ठसा कमी खोल उमटला असे म्हणावे तर तेही झाले नाही.

झुपानची बातमी गव्हर्नरांपर्यंत पोचायला मंगळवार उजाडला. ते स्वतः दफ्तरात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. पेटिग्रूंना मात्र माझ्यासमोरच उभे केले.

"ऑर्व्हिल, तुला डुकरं निवडायला ठेवलंय. माणसं निवडायला कोणी सांगितलं?"

"लायमन, तू बाहेर होतास."

"मी घरी होतो. तापानं फणफणलो होतो. ती माफी रद्द. त्या माणसाला परत आत घाला."

शेरीफ याकोबला घ्यायला गेला तेव्हा तो चुलीजवळच्या खाटेवर रक्त खोकत होता. खाणकामगारांच्या संघाने वकील दिला, ठेंगणा, चुरगळलेल्या कोटातला. त्याने कोर्टातून दहा दिवसांची स्थगिती मिळवली. सुनावणीत प्रश्न एकच होता: त्या शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गव्हर्नर कुठे होते? राज्यात असतील तर याकोब दगडाच्या खाणीवर परत जाणार आणि तिथेच पुरला जाणार. राज्याबाहेर असतील तर याकोब सुटणार, पण मग रीडलचे माफीपत्रही बाद, कारण त्यावर सही करताना साहेब गव्हर्नरच नव्हते. आणि रीडल पैसे परत न मागता गप्प बसणारा माणूस नव्हता.

मला आणि बाईंच्या वहीला पुरावा म्हणून हातगाडीवर घालून कोर्टात नेले. तेवीस वर्षांपूर्वी बाई दफ्तरात आल्या तेव्हापासून माझे बोल्ट पहिल्यांदाच सुटले. मला न्यायाधीशांच्या डाव्या हाताला ठेवले होते, त्यामुळे सगळे नीट दिसत होते. फ्रांका पहिल्या बाकावर, हात मांडीवर घट्ट धरून. तिच्या मागच्या बाकावर काळ्या टोपीत थोरल्या मिसेस ग्रूम, वय चौऱ्याऐंशी, मुलावरचा आळ खोटा ठरताना बघायला आलेल्या.

ग्रूमसाहेबांनी बायबलवर हात ठेवून सांगितले, की शनिवारी आपण दिवसभर घरी तापाने पडून होतो. हॉटेलचा मालक म्हणाला, मी या गृहस्थांना ओळखत नाही. मोटारीच्या चालकाने कानांवर हात ठेवले. पलीकडच्या शेरीफला काहीच दिसले नव्हते. फ्रांकाचा चेहरा उतरत चालला. मिस व्हर्ना खिडकीबाहेर बघत होत्या.

मग ठेंगण्या वकिलाने महिला मद्यनिषेध मंडळाच्या अध्यक्षा मिसेस युनिस हार्पर यांना बोलावले. त्या शनिवारी संध्याकाळी सहाला मंडळाचे वार्षिक भोजन होते आणि गव्हर्नर मुख्य पाहुणे होते.

"ताप होता का त्यांना?" वकिलाने विचारले.

"चेहरा लाल होता."

"आणखी काही?"

मिसेस हार्पर सज्जन बाई होत्या. त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "लवंगांचा वास येत होता," त्या म्हणाल्या. "आणि लवंगांच्या मागून दुसरा. आम्ही दोनशे जणी होतो. सगळ्यांनाच आला. चाळीस मिनिटं भाषण झालं." दोनशे बायका त्या दिवसापासून मूग गिळून बसल्या होत्या. एकीने तोंड उघडताच कोर्टभर माना हलल्या.

वकील ग्रूमसाहेबांकडे वळला. "त्या दिवशी आपण काही घेतलं होतं, साहेब?"

गव्हर्नरांच्या वकिलाने त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितले. काय, ते मी ओळखले. दारूबंदीतही डॉक्टर चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की देत असत आणि पुष्कळांची प्रकृती त्या वर्षांत त्यासाठीच बिघडलेली असे. चिठ्ठी लिहायला डॉक्टर दहा मिळाले असते. 'घरी, तापावर, औषध म्हणून' असे म्हटले की प्रकरण मिटले. ग्रूमसाहेबांनी घसा साफ केला.

"तापावर," ते म्हणाले. "औषध म्हणून. घरी—"

"घरी, लायमन?"

थोरल्या मिसेस ग्रूम उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या बाकाची पाठ धरून. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितले नाही. म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. तिला नुसते विचारायचे होते.

ग्रूमसाहेबांनी तिच्याकडे पाहिले. तीन वर्षे मी त्या माणसाच्या सह्या दाबत आलो होतो. त्यांतल्या किती खोट्या कारणांच्या होत्या ते मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा झाला. इतर सगळ्यांशी ते खोटे बोलू शकत होते, तिच्याशी त्यांना जमेना.

"नाही आई," ते म्हणाले. "घरी नाही. या राज्यात मी थेंबही घेतलेला नाही."

त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

"मग कुठं घेतली, गव्हर्नरसाहेब?"

उत्तराची कोणाला गरजच उरली नव्हती. फ्रांकाला इंग्रजी चटकन कळत नसे. शेजारच्या माणसाने तिच्या भाषेत सांगितले तेव्हा तिने शालीचे टोक तोंडात घातले आणि ओणवी झाली. थोरल्या मिसेस ग्रूम मात्र ताठ उभ्या होत्या. मुलाने शब्द पाळला एवढे त्यांना समजले होते. बाकीचे समजायला त्यांना घरी जाईपर्यंतचा वेळ लागला असावा.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. याकोबची माफी कायम झाली, रीडलची बाद. रीडलला पकडल्यावर त्याने डेलचे नाव घेतले, डेलने मेहुण्याचे. ग्रूमसाहेबांना तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना दूरच्या राज्यातल्या तुरुंगात ठेवले. आई त्यांना पत्रे लिहीत असे. पेटिग्रू चौदा महिने गव्हर्नर राहिले, कोणाचे काही वाईट केले नाही आणि पुढच्या निवडणुकीत सपाटून पडले. लोक म्हणाले, माणूस चांगला आहे, पण भाषण रटाळ करतो.

मग विजेवर चालणारे यंत्र आले आणि मला तळघरात जुन्या खुर्च्यांबरोबर ठेवले. बत्तीस वर्षे मी तिथे होतो. माझ्या जबड्यात कोळ्याने घर केले आणि दांड्यावर गंज चढला. एकेकाळी गव्हर्नर ज्याला बघायला येत त्याच्यावर कोणीतरी ओला कोट वाळत घातला. मला त्याचे वाईट वाटले, हे कबूल करतो.

आता मी संग्रहालयात आहे. रविवारी मुले येतात. पहारेकरी त्यांना कोरे कागद देतो आणि मुले दांडा ओढून चित्र काढून घेतात. तुम्हीही कधी आलात तर माझी एक विनंती आहे. मला तेल घाला, माझी धूळ पुसा, ते हवेच. पण कोऱ्या कागदावर मला दाबू नका. आधी त्यावर काहीतरी लिहा, आणि दाबायच्या आधी ते एकदा सबंध वाचा. मी स्वतः वाचून थांबू शकत नाही. समोर जे येईल ते मी खरे करून टाकतो. म्हणून दांडा ज्याच्या हातात असेल त्यानेच वाचायला हवे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. याकोब त्यानंतर पाच महिने जगला. मार्चमध्ये गेला. तो गेल्यावर दोन दिवसांनी फ्रांका आमच्या दफ्तरात आली. खाणकामगारांचा संघ आपल्या माणसाच्या प्रेतामागे झेंडा आणि बँड काढतो, पण शिक्षा झालेल्या कैद्यासाठी काढत नाही. संघाला माफीपत्राची शिक्क्याची प्रत हवी होती.

मिस व्हर्नांनी हाताने प्रत उतरवली. नेहमीसारखी सबंध वाचली, या वेळी मोठ्याने, म्हणजे फ्रांकालाही ऐकू येईल अशी. वाचून झाल्यावर विचारले, "पाच महिने कसे गेले?"

"खोकला होता," फ्रांका म्हणाली. "पण फेब्रुवारीत त्यानं थोरल्याला वेल कसा छाटायचा ते शिकवलं. खिडकीतून बसून. ओरडत होता त्याच्यावर, इथं नाही गाढवा, तिथं काप. शेवटी सूप मागितलं आणि प्यायचं राहिलं."

बाईंनी कागद माझ्या जबड्यात सरकवला. मग त्या बाजूला झाल्या. तेवीस वर्षांत त्यांनी माझा दांडा दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नव्हता.

"तुम्ही दाबा," त्या म्हणाल्या.

फ्रांकाने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि अंगातला सगळा जोर लावून खाली ओढला. एवढ्या जोराची गरज नव्हती. झाडाच्या शेंड्याजवळ कागद जरासा फाटला.

"मी दुसरी प्रत करून देते," मिस व्हर्ना म्हणाल्या.

फ्रांकाने कागद उजेडाकडे धरला, फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि घडी न घालता शालीखाली धरला.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "घरी बँडवाले दाराशी उभे आहेत."